पाच लाखांचं कार्ड आहे, मग मेडिक्लेम बंद करू का? आणि सगळ्यांना उपचार मिळावेत म्हणून आपण नक्की मागायचं काय?

घणसोलीची_मृण्मयी

नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहिणार आहे, प्लीज शेवटपर्यंत वाचा.

माझे वडील ७३ वर्षांचे, रबाळे एमआयडीसीत ३१ वर्षं नोकरी करून रिटायर झाले, आता आमच्याकडेच घणसोलीत राहतात. फेब्रुवारीत रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, आम्ही जे जवळचं प्रायव्हेट हॉस्पिटल होतं तिथे नेलं (नाव लिहीत नाही, त्याचा उपयोग नाही). रिसेप्शनवर मी विचारलं की ७० च्या वरच्यांना सरकारने ५ लाखांचं केलंय ना, ते चालेल का, तर म्हणाले मॅडम योजना आमच्याकडे नाही, आधी ५० हजार डिपॉझिट भरा. भरले. अँजिओप्लास्टी झाली, पप्पा आता बरे आहेत, बिल झालं २ लाख ६० हजार. पप्पांना मेडिक्लेम नव्हता, कारण कंपनीचा होता तो रिटायरमेंटला संपला आणि नंतर शुगर आहे म्हणून प्रीमियम इतका सांगितला की त्यांनी स्वतःच नको म्हटलं. माझी एफडी मोडली, भावाने उरलेले दिले.

आता घरात वाद असा चाललाय. मिस्टर म्हणतात १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात महात्मा फुले योजना (राज्य सरकारची मोफत उपचारांची) सगळ्यांना लागू झाली, पिवळं केशरी पांढरं कुठलंही रेशन कार्ड असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाख, मग आपण मेडिक्लेमचे वर्षाला ३४ हजार कशाला भरतोय. दीर म्हणतात चूक करू नका, पप्पांच्या वेळी काय झालं ते बघितलं ना. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर तिथे दोन तट पडले, एक म्हणतो सरकारने विमा द्यावा आणि बाजूला व्हावं, दुसरा म्हणतो विमा नको, वाशीच्या महापालिका रुग्णालयासारखं हॉस्पिटल नवी मुंबईच्या प्रत्येक नोडमध्ये (उपनगरात) द्या.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ते कार्ड प्रत्यक्षात कुठे आणि कसं चालतं? मेडिक्लेम ठेवू की बंद करू? आणि तिसरं म्हणजे आमच्या वॉर्डात नगरसेवक येतात तेव्हा गटार आणि पार्किंग सोडून कोणी काही मागत नाही, तर आरोग्याचं काही मागायचं झालं तर काय मागावं? मला खरंच कळत नाहीये.

---

योजना_डेस्क_ठाणे

ताई, मी ४ वर्षं ठाण्यात एका हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र होतो, म्हणजे योजनेच्या डेस्कवर बसायचो, आता दुसरी नोकरी करतो. तुमचं वाचून वाईट वाटलं कारण अशा केसेस रोज बघितल्यात.

पहिली गोष्ट, कार्ड सगळ्यांना आहे पण हॉस्पिटल सगळी नाहीत. जे हॉस्पिटल पॅनेलवर, म्हणजे योजनेच्या यादीत, आहे तिथेच चालतं. आणि त्यातही एक गोम आहे जी कोणी सांगत नाही, हॉस्पिटल पॅनेलवर असतं ते ठरावीक स्पेशालिटीसाठी. म्हणजे एखाद्या ठिकाणी योजनेचा बोर्ड लावलेला असेल पण तो फक्त हाडांसाठी किंवा डायलिसिससाठी असेल, हार्टसाठी नसेल. म्हणून "योजना आहे का" असं विचारायचं नाही, "हार्टसाठी योजनेत आहात का" असं विचारायचं.

आत्ताच, घरात सगळे ठणठणीत असताना, १५५३८८ ला फोन लावा (ही महात्मा फुलेची हेल्पलाईन, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेची १४५५५) आणि घणसोली ऐरोली वाशी नेरूळ या पट्ट्यात हार्ट, किडनी, कॅन्सर, अपघात यासाठी कुठली हॉस्पिटल आहेत ते लिहून घ्या. कागद फ्रिजवर चिकटवा. रात्री दोन वाजता कोणी वेबसाईट बघत बसत नाही.

दुसरं, एकदा कॅशमध्ये ॲडमिट झालात की मागाहून योजनेत घालणं जवळपास अशक्य होतं. ॲडमिशनच्या वेळीच आरोग्यमित्राकडे जायचं, रेशन कार्ड आणि आधार द्यायचं, तो नोंद करतो, मग हॉस्पिटल प्री-ऑथ (उपचाराआधीच्या मंजुरीचा अर्ज) टाकतं, मंजुरी आली की उपचार. इमर्जन्सी असेल तर फोनवरून कळवून लगेच उपचार सुरू करता येतात, कागद नंतर. माझ्या डेस्कवर सगळ्यात जास्त माणसं अडायची ती रेशन कार्डावर. ऑनलाईन झालेलं नसायचं, नाहीतर सुनेचं नाव चढवलेलं नसायचं, नाहीतर आधारवर एक स्पेलिंग आणि रेशन कार्डावर दुसरं. पेशंट स्ट्रेचरवर आणि मुलगा रेशनिंग ऑफिसात, हे मी किती वेळा बघितलंय सांगता येत नाही.

पप्पांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? ते ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं, ७० पूर्ण झालेल्या कोणालाही मिळतं, उत्पन्न कितीही असू दे, प्रायव्हेट मेडिक्लेम असला तरी मिळतं. आयुष्मान ॲपवर आधारने ई-केवायसी करून घरबसल्या होतं. तुमच्या पोस्टवरून वाटतंय की काढलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं.

मेडिक्लेम बंद करू नका. तुमच्या घराजवळचं हॉस्पिटल योजनेत नाही हे तुम्ही स्वतः अनुभवलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची एकच पॉलिसी) मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, त्यामुळे या वेळचं रिन्यूअल नीट तपासून घ्या. आणि बंद करून दोन वर्षांनी परत घेतलात तर जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो) पहिल्यापासून मोजतात.

---

कळवा_खाडीपलीकडे

डेस्कवाल्या दादांनी बरोबर सांगितलं पण मला मूळ मुद्द्यावर बोलायचंय. कार्ड ही योजना आहे, हक्क नाही. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, देशातला पहिला, इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैसे नाहीत म्हणून परत पाठवता येणार नाही असं त्यात लिहिलं. डॉक्टरांनी मोठा संप केला, तडजोडी झाल्या, पण कायदा झाला. आपल्याकडे रात्री दोन वाजता ५० हजार मागितले तर आपण काय दाखवणार त्यांना, पेपरातली जाहिरात?

---

घोडबंदर_डॉक्टर

मी डॉक्टर आहे, घोडबंदर रोडला १८ बेडचं नर्सिंग होम आहे, आम्ही दोघं नवरा-बायको मिळून चालवतो. मला इथे शिव्या पडतील हे माहीत असून लिहितोय.

आम्ही ३ वर्षं योजनेत होतो आणि बाहेर पडलो. कारण पैशाचंच आहे. पॅकेजचा रेट ठरलेला असतो, त्यात ऑपरेशन, भूल, औषधं, बेड, जेवण, तपासण्या, दाखल होण्याआधीचा आणि डिस्चार्जनंतरचा काही दिवसांचा खर्च, सगळं आलं. ठाण्यात जागेचं भाडं काय आहे ते तुम्हा सगळ्यांना माहितीये, नर्सचा पगार काय आहे तेही. त्यात क्लेमचे पैसे महिनोन्महिने यायचे नाहीत, एक क्वेरी यायची, उत्तर द्यायचं, परत दुसरी क्वेरी. औषधवाला थांबत नाही, ऑक्सिजनवाला थांबत नाही. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलला परवडतं कारण त्यांना दुसरीकडून मिळतं, ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजना पेशंट हवेच असतात शिकवायला, त्यांना परवडतं. मधले आम्ही, १० ते ३० बेडवाले, ज्यांच्याकडे तुम्ही खरं तर आधी येता, आम्ही बाहेर.

मला सगळ्यांना उपचार मिळावेत असं वाटत नाही असं कृपया समजू नका. माझ्या वडिलांना गावाकडे वेळेवर उपचार मिळाले नाहीत म्हणून मी डॉक्टर झालो. पण रेट शहराप्रमाणे आणि खर्च मोजून ठरवा, आणि ठरलेल्या दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर व्याज द्या. एवढं केलं तर मी उद्या परत पॅनेलवर येईन.

---

घणसोलीची_मृण्मयी

@घोडबंदर_डॉक्टर शिव्या कशाला पडतील डॉक्टर, उलट बरं वाटलं सरळ लिहिलंत. एक विचारू का, स्टेंटची (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात ती जाळी) किंमत सरकारने २०१७ मध्ये बांधून दिली ना, मग पप्पांच्या बिलात स्टेंट ३० हजारांच्या आसपास आणि बाकीचे दोन लाख "प्रोसिजर चार्जेस, कन्झ्युमेबल्स, कॅथ लॅब" असं कसं काय?

---

घोडबंदर_डॉक्टर

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याआधी औषधाचा लेप असलेला स्टेंट लाखाच्या वर विकला जायचा, किंमत बांधल्यावर तो ३० हजारांच्या आसपास आला. पण किंमत बांधली फक्त स्टेंटची. बाकीच्या ओळींवर कोणाचं बंधन नाही, मग तो फरक तिकडे सरकतो. २०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्राने नर्सिंग होमच्या नियमांत बदल केला, त्याप्रमाणे हॉस्पिटलला १५ प्रकारच्या सेवांचे दर आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावावी लागते. माझ्याकडे लावली आहे. तुम्ही ॲडमिट करता तेव्हा दरपत्रक मागा, तो तुमचा अधिकार आहे. दर किती असावा हे मात्र तो नियम सांगत नाही, फक्त दाखवा म्हणतो.

---

निवृत्त_सिस्टर

मी महापालिकेच्या दवाखान्यात आणि रुग्णालयात मिळून ३३ वर्षं नर्स म्हणून काम केलं. मराठी टायपिंग सावकाश होतं माझं, सांभाळून घ्या.

मृण्मयी, तुझे वडील ७३ चे, शुगर आहे, बीपीही असणार. त्यांची शुगर आणि बीपी शेवटची कधी आणि कुठे तपासली होती? गोळ्या रोज घेत होते का मधेच सोडल्या होत्या? मी दोष देत नाहीये बाळा, पण इथे सगळे ५ लाखांवर बोलतायत आणि त्या २ लाख ६० हजारांच्या आधीची दहा वर्षं कोणी बोलत नाहीये. ही योजना, ती योजना, दोन्ही ॲडमिट झाल्यावर चालतात. ओपीडी त्यात नाही. रोजची बीपीची गोळी त्यात नाही, तीन महिन्यांची शुगर तपासणी त्यात नाही. आणि माणूस कर्जात जातो तो नुसता ऑपरेशनने जात नाही, दर महिन्याच्या औषधांनीही जातो. आमच्याकडे ओपीडीत रिक्षावाले यायचे, घरकाम करणाऱ्या बायका यायच्या, महिनाभराच्या गोळ्या दिल्या की नीट घ्यायच्या, आणि ज्या महिन्यात औषधांचा पुरवठा आला नाही त्या महिन्यात बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी दिली की त्यातले अर्धे लोक गोळ्या सोडायचे. सांगायचे नाहीत, सोडायचे. मग पाच-सहा वर्षांनी तोच माणूस अर्धांगवायू होऊन यायचा. चेहरे अजून आठवतात मला.

म्हणून माझं मत विचारशील तर मला विम्यापेक्षा भरलेला दवाखाना हवा. भरलेला म्हणजे डॉक्टर आहे, नर्स आहे, फार्मसीत औषध आहे आणि संध्याकाळी कामावरून येणाऱ्या माणसासाठी उघडा आहे. २०२३ मध्ये आपला दवाखाना राज्यभर सुरू केले ही चांगली गोष्ट आहे, संध्याकाळी चालतात म्हणून तर जास्तच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत केलं, तेही चांगलं. पण लक्षात घ्या, ते राज्याच्या आरोग्य विभागाचं झालं. ठाण्यात, नवी मुंबईत आपली बरीचशी रुग्णालयं महापालिकेची आहेत, तिथले निर्णय महापालिका घेते. म्हणून तू नगरसेवकाला विचारते आहेस ते अगदी योग्य ठिकाणी विचारते आहेस.

त्याच ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ माणसं गेली, विसरलात का सगळे? ५०० बेडचं रुग्णालय, मुंब्रा दिवा कल्याण भिवंडी शहापूर, पार पालघरपासून माणूस तिकडे येतो. ठाण्याच्या सिव्हिलची (जिल्हा रुग्णालयाची) जुनी इमारत नव्याने बांधायला घेतलेली, तिकडचाही भार आला. बरेच जण शेवटच्या अवस्थेत आणलेले होते असं सांगितलं गेलं. पण शेवटच्या अवस्थेपर्यंत ते फिरत कुठे होते? मधली पायरी नाही ना आपल्याकडे. दवाखान्यातून सरळ कळवा. मी तेव्हा निवृत्त झाले होते, टीव्हीवर त्या वॉर्डातल्या मुली बघितल्या, एकेक सिस्टर किती पेशंट बघत असेल ते मला न सांगता कळत होतं.

---

कोपरखैरणे_माथाडी_पोरगा

सिस्टर तुम्हाला नमस्कार. माझे वडील वाशी मार्केटला माथाडी होते, कांदा-बटाट्याला. पाठीवर गोणी वाहून मणके गेले त्यांचे. मी एक सांगतो जे इथे कोणी काढलं नाही.

आपल्याकडे सगळ्यांना कव्हर ही गोष्ट नवीन नाहीये. १९६९ चा माथाडी कायदा बघा. अंगमेहनत करणारा, आज या व्यापाऱ्याकडे उद्या त्या व्यापाऱ्याकडे, मालक एक नाही, पगारपत्रक नाही, त्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून बोर्डं झाली. मालक मजुरी बोर्डात भरतो, त्यावर लेव्ही म्हणजे ठरावीक जादा रक्कम भरतो, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. कोपरखैरण्यात माथाडी हॉस्पिटल त्यातूनच उभं आहे. वडिलांना कुठलं कार्ड दाखवून हातापाया पडावं लागलं नाही, त्यांचा नोंदणी नंबर होता. सगळं छान होतं असं नाही, तिथेही रांगा असायच्या, मोठ्या ऑपरेशनला बाहेर जावं लागायचं. पण वडील म्हणायचे ते आपलं हॉस्पिटल आहे, आपल्या घामाच्या लेव्हीतलं.

आता मी स्वतः डिलिव्हरीचं काम करतो, ॲपवर. माझा मालक कोण तेच मला माहीत नाही. ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे म्हणावं तर ती २१ हजार पगारापर्यंत, आणि पगार म्हणजे ज्याला पगारपत्रक आहे त्याला. वडिलांना अंगठा लावून जे मिळालं ते मला ग्रॅज्युएट होऊन मिळत नाहीये. माझं मत असं की प्रत्येक ऑर्डरमागे दोन रुपये लेव्ही लावा आणि त्यातून आम्हाला द्या, जसं माथाडीला दिलं तसं. फुकट नकोय.

---

ऐरोली_टॅक्सपेअर

मी दुसऱ्या बाजूने बोलतो. माझा पगार बरा आहे, कंपनीचा मेडिक्लेम आहे, तरी मला वाटतं की सरकारने पैसे जास्त टाकायला पाहिजेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू. २०२१-२२ चा अधिकृत आकडा १.८४ टक्के आहे आणि ते कोविडचं वर्ष होतं. चांगलं काय झालं तेही सांगतो, एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९.४ वर आला. म्हणजे दिशा बरोबर आहे. पण १०० मधले जवळपास ४० रुपये अजून मृण्मयीताईंच्या एफडीतूनच जातायत.

आणि आमच्यासारख्यांनी एक मान्य करायला हवं. आम्ही सरकारी हॉस्पिटलमध्ये जात नाही म्हणून तिथे औषध नाही याचा आवाज होत नाही. कोविडमध्ये दोन महिने गेलो होतो, लसीसाठी आणि बेडसाठी, तेव्हा सगळ्यांचं लक्ष होतं आणि कामं भराभर होत होती. आमची पोरं महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाला जायला लागली तरी फरक पडेल.

---

योजना_डेस्क_ठाणे

अजून एक राहिलं, हे खूप जणांना माहीत नसतं. ट्रस्टची जी धर्मादाय हॉस्पिटल आहेत त्यांना १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात. उत्पन्न वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. हॉस्पिटलने बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या फंडात ठेवायची असते, ती यासाठीच. मोठमोठ्या काचेच्या इमारतीसुद्धा धर्मादाय असतात, बोर्ड वाचा. माथाडी दादा, तुझ्या ओळखीत कोणाला लागलं तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जायला सांग, बिलिंगला नाही.

---

घणसोलीची_मृण्मयी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय कारण दादांनी सांगितलं ते करून बघत होते.

पप्पांचं वय वंदना कार्ड निघालं, ॲपवर वीस मिनिटांत, फक्त चेहरा पटकन घेत नव्हता म्हणून खिडकीजवळ बसवलं. १५५३८८ लागला तिसऱ्या वेळी, यादी लिहून घेतली, फ्रिजवर लावली आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डवर पण. त्यात कळलं की त्या रात्री आम्ही गेलो तिथून थोडंच पुढे हार्टसाठी पॅनेलवर असलेलं हॉस्पिटल होतं. पप्पांना सांगितलं नाही, उगाच मनाला लावून घेतील माझ्या एफडीचं.

रेशन कार्डाचं बघितलं तर माझं नाव अजून माहेरच्याच कार्डात आहे. ते बदलायला टाकलंय. मेडिक्लेम ठेवतोय, मिस्टरांना पटलं.

सिस्टर, तुम्ही विचारलंत ते रात्रभर डोक्यात होतं. पप्पांना विचारलं तर म्हणाले लॉकडाऊननंतर गोळ्या कधी घ्यायचे कधी नाही, "बरं वाटत होतं ना मग". आमच्या घरात दोन कमावते आहेत तरी ही गत. काल त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेले, शुगर बीपी झालं, एक गोळी मिळाली, दुसरी स्टॉकमध्ये नाही म्हणाले. तिथे रजिस्टरला तक्रार लिहिता येते का विचारलं, तर फार्मसीवाल्या मुलीनेच वही काढून दिली आणि म्हणाली लिहा मॅडम, तुम्ही लिहिलंत तर आम्हाला वर दाखवता येतं.

तर नगरसेवकांना भेटायचं ठरलंय, येत्या रविवारी सकाळी ११ ला, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात. मागणी साधी ठेवतोय, दवाखान्यात बीपी आणि शुगरच्या कुठल्या गोळ्या किती शिल्लक आहेत ते दर सोमवारी बाहेर बोर्डवर लिहा, आणि संध्याकाळी ९ पर्यंत उघडा ठेवा. डॉक्टर, रेट आणि पेमेंटचा तुमचा मुद्दा राज्य सरकारकडचा आहे, पण निवेदनात तो पण घेऊ का? दोन ओळी लिहून द्याल?

---

घोडबंदर_डॉक्टर

देतो. उद्या रात्री ओपीडी संपली की पाठवतो.

---

कोपरखैरणे_माथाडी_पोरगा

रविवारी ११ ते ३ ऑर्डर जास्त असतात पण येतो. माझ्यासारखे अजून चौघं आहेत, त्यांना पण आणतो.

---

निवृत्त_सिस्टर

मी ऐरोलीहून रिक्षाने येईन. बीपीचं मशीन आणि शुगरच्या पट्ट्या घेऊन येते, आधी जमलेल्यांचं तपासू, मग नगरसेवकांशी बोलू. नगरसेवकांचं पण तपासू.